दोन सर्व्हर, पण धनी एकच



रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ येते आणि नेमकी शिवारातली डीपी जळते. मग महावितरणच्या कार्यालयात चकरा सुरू होतात. आपल्याला कळतं ते एवढंच, की नवं रोहित्र आलं की नाही. पण ते भांडारातून निघतं तेव्हा संगणकातही नोंद होते. महावितरण त्यासाठी सॅप ही प्रणाली वापरते. 1972 साली जर्मनीत सुरू झालेल्या सॅप कंपनीची ही प्रणाली साठा, खरेदी, हिशेब, पगार असं सगळं एकत्र सांभाळते. 1999 पासून ती लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालते आणि तिचा हाना हा डेटाबेस तर लिनक्सवरच चालतो.

अशा प्रणालीचा सर्व्हर भरदुपारी बंद पडला, तर एका तालुक्याचं नाही, अख्ख्या राज्याचं काम खोळंबेल. त्यावरचा उपाय म्हणजे क्लस्टर. दोन सर्व्हर एकमेकांवर लक्ष ठेवतात. दर थोड्या वेळानं 'मी जिवंत आहे' असा संदेश जातो, त्याला हार्टबीट म्हणतात. संदेश ठरलेल्या मुदतीत आला नाही, की दुसरा सर्व्हर काम हाती घेतो.

हाती घेतो म्हणजे नेमकं काय घेतो? हे ज्यात लिहिलेलं असतं ते पॅकेज. कोणत्या डिस्क जोडायच्या, कोणता आयपी पत्ता घ्यायचा, शेवटी सॅपचा कोणता भाग सुरू करायचा, हा सगळा क्रम त्यात असतो. बंद करताना तोच क्रम उलटा. हा पत्ता मशीनचा नसतो, पॅकेजचा असतो. पॅकेज जिकडे जाईल तिकडे तोही जातो. त्यामुळे यवतमाळातल्या कारकुनाला काही बदलावं लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. संदेश थांबला म्हणजे सर्व्हर मेलाच असं नाही, मधली केबलही तुटली असेल. अशा वेळी दोघंही स्वतःला धनी समजून एकाच डिस्कवर लिहू लागले, तर एका बंडीवर दोन धुरकरी बसावेत तशी गत होते, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब नासतो. म्हणून कौल द्यायला तिसरा साक्षीदार लागतो. दोघांच्या मतदानात बहुमत होतच नाही. शिवाय काम घेण्याआधी समोरच्या सर्व्हरचा वीजपुरवठा तोडून तो खरोखर बंद केला जातो. याला फेन्सिंग म्हणतात. कटकट वाटते म्हणून काही जण ते बंद ठेवतात. तसं केलं, की क्लस्टर असण्यापेक्षा नसलेला बरा.

सॅपमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. भांडारात एकच रोहित्र शिल्लक आहे आणि दोन कर्मचारी एकाच वेळी त्याची नोंद करायला बसले, तर पहिल्याचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप लागतं. या कुलपांची यादी सर्व्हरच्या मेमरीत असते, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी. म्हणून तिची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत ठेवतात. यादी सांभाळणारं पॅकेज आणि प्रतीचं पॅकेज कधीही एकाच मशीनवर मुक्कामी राहू नयेत, हा नियम पॅकेज मांडताना लिहूनच ठेवावा लागतो. तो लिहायचा राहिला, तर मशीनबरोबर यादीही जाते आणि प्रतही.

क्लस्टर सगळं वाचवत नाही. डेटाबेसच दुसऱ्या सर्व्हरवर न्यावा लागला, तर अर्धवट राहिलेली नोंद पुन्हा भरावी लागते. आणि कुणी चुकून नोंद पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच.

यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे शिकायला मोठा खर्च नाही. पेसमेकर आणि कोरोसिंक ही लिनक्सवरची साधनं मोफत मिळतात. एका बऱ्या संगणकावर दोन आभासी मशीन उभ्या करा, चालती मशीन मुद्दाम पाडा. मग दोन्ही चालू ठेवून मधलं नेटवर्क तोडा. पहिली परीक्षा बहुतेक मांडण्या पास होतात. क्लस्टर नीट बांधलंय का, हे दुसरी सांगते.