अडलेला काटा
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात बेलापूर येथे एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि वधूवरांचा परिचय यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज देहाच्या वजनाविषयी बोलणार आहोत. तेही वजन उतरविण्याच्या उपायांविषयी नव्हे, तर पथ्य आणि व्यायाम निष्ठेने चालू असताही वजन एकाएकी उतरेनासे होते, त्या अवस्थेविषयी. विषय कोणास किरकोळ वाटेल. परंतु याच विषयापायी आमच्या हातून घरातील एका निरपराध व्यक्तीवर अन्याय घडला. त्याची कबुली चारचौघांत द्यावी, हाही आमचा हेतू आहे.

आमच्या सूनबाईंचे वजन दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढले होते. त्यांनी साखर सोडली, भात निम्म्यावर आणला आणि रोज पहाटे प्रवरेच्या काठाने चालावयास आरंभ केला. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. पुढे सहा आठवडे काटा तसूभर हलला नाही. तेव्हा आम्ही, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासण्याच्या सवयीने, म्हणालो, “सूनबाई, उत्तर चुकले म्हणजे रीत कोठेतरी चुकलीच असणार. कोणी पाहत नसता तोंडात काही जात असेल.” त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचे जेवणही सोडले. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांना भोवळ आली. कडेवर मूल होते. ओट्याचा आधार सापडला म्हणून दोघेही बचावली.

पुढच्याच वर्षी आमच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी आम्हांसही पथ्य सांगितले. चार महिन्यांत आम्ही ८० किलोंवरून ७३ वर आलो आणि तेथेच अडलो. सात आठवडे झाले. गुळाचा खडाही आम्ही चोरून खाल्ला नव्हता. तेव्हा कोठे सूनबाईंच्या मौनाचा अर्थ आम्हांस उमगला. आम्ही डॉक्टरांना विचारले, काही वाचन केले. जे समजले ते सांगतो.

पहिले काही दिवस वजन झपाट्याने उतरते, ते मुख्यत्वे पाण्याचे असते. यकृतात आणि स्नायूंत जी साखर साठविलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार घटताच ही शिल्लक प्रथम खर्ची पडते. आरंभीचा हा वेग मनात धरून पुढचा हिशेब मांडू लागलो, म्हणजे निराशा पदरी येते. खरा मेद सावकाश जातो, कारण एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठविलेले असतात.

आता आमचेच गणित उदाहरणादाखल फळ्यावर मांडू. देहाला रोज २००० उष्मांक लागत होते आणि आम्ही १६०० देत होतो. तूट ४०० ची. सात किलो उतरल्यावर देह लहान झाला. लहान देह पोसावयास आणि चालवावयास कमी इंधन लागते, म्हणून गरज सुमारे १५० नी घटली. देहाने स्वतः काटकसर करून आणखी ८० वाचविले. राहिले १७०. सायंकाळी फिरून आल्यावर मूठभर शेंगदाणे खाण्याची सवय आम्हांस नकळत लागली होती. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० उष्मांक असतात. बेरीज ४००, तूट शून्य! यात लबाडी कोठेही नव्हती. मापात हात सैल होतो, माउली मुलांच्या ताटातले उरलेले टाकवत नाही म्हणून खाते. यास चोरी म्हणत नाहीत.

देहाच्या काटकसरीविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश उतरले. परंतु विश्रांतीच्या वेळी होणारा देहाचा खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पुढे १९९४ साली लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. मेद घटला की हे द्रव्य घटते आणि मेंदू भूक वाढवितो. आपल्यास हे नवे वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्या घरांतील माउल्या पिठाचा डबा तळाला गेला की भाकरी पातळ थापीत. भंडारदऱ्यात पाणी कमी असले की आपला शेतकरीही पाटाचे पाणी जपून वापरतो. देह तेच करतो. आपण पथ्य म्हणतो, त्यास तो दुष्काळ समजतो.

मग करावे काय? प्रथम, अन्न आणखी तोडू नये. आठ दिवस खाल्लेले सर्व प्रामाणिकपणे वहीत लिहावे, तेल आणि दाणे मापून घ्यावेत. दुसरे, केवळ चालण्यावर भिस्त न ठेवता आठवड्यातून दोन-तीन वेळा उठाबशा, वजन उचलणे असा स्नायूंचा व्यायाम करावा. जेवणात डाळ, मटकी, हुलगे, ताक, आणि चालत असल्यास अंडी, यांचे प्रमाण राखावे, म्हणजे मेदाबरोबर स्नायू झिजत नाहीत. तिसरे, काटा दोन-तीन आठवडे अडला तर धीर धरावा. मीठ, नवा व्यायाम, स्त्रियांचा मासिक धर्म यांमुळे देहात पाणी साठते आणि आतील घट झाकली जाते. त्याहून अधिक काळ लोटल्यास डॉक्टरांस दाखवावे. थायरॉइडचा विकार किंवा एखादे औषधही कारण असू शकते. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण कमी करूच नये.

आणि एकट्या काट्यास न्यायाधीश करू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील डॉ. जॉन युडकिन या दोघांची उंचीच्या मानाने वजनाची मोजणी अगदी सारखी, २२.३ भरली होती; परंतु याज्ञिकांच्या देहात मेद २१.२ टक्के आणि युडकिनांच्या देहात ९.१ टक्के आढळला. २००४ साली हे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपण भारतीय सडपातळ दिसूनही पोटात मेद बाळगतो. म्हणून कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आमचा काटा अडला होता त्या सात आठवड्यांत आमची कंबर दोन बोटे उतरली होती आणि साखरही खाली आली होती. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घटले, तरी रक्तदाब आणि साखर यांस बहुधा उतार पडतो. अडलेला काटा म्हणजे वाया गेलेले श्रम नव्हेत. मिळविलेले राखणे हेही यशच आहे.

हे सारे ध्यानी आल्यावर आम्ही सूनबाईंना बोलावून म्हणालो, “गणित तुमचे बरोबर होते, तपासणारा चुकला.” त्या म्हणाल्या, “अण्णा, वजनाचे काही नाही हो. तुम्ही मला खोटे समजलात, ते लागले होते.” आज त्या पोटभर जेवतात, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करतात आणि वजन महिन्यातून एकदाच करतात.

आपल्या मेळाव्यांत मुलींकडे पाहून अंगाविषयी सहज शेरे मारले जातात. ज्ञातिबांधवांना आमची हात जोडून विनंती आहे की, कष्ट करूनही ज्याचा काटा अडला आहे, त्याच्या ताटाकडे संशयाने पाहू नका. त्यास शिक्षेची नव्हे, सोबतीची गरज असते. उद्या पहाटे त्याच्याबरोबर चालावयास निघा.