आधी कोणाला हरवलं ते सांगा



2019 च्या क्रिकेट विश्वचषकात उपांत्य फेरीत आपली गाठ न्यूझीलंडशी पडली आणि मँचेस्टरला पुढे काय झालं ते इथल्या बहुतेकांना पाठ असेल. पण न्यूझीलंड तिथवर आला कसा? साखळी संपली तेव्हा न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचेही 11 गुण होते, दोघांनीही पाच-पाच सामने जिंकले होते. न्यूझीलंड पुढे गेला तो निव्वळ धावगतीवर, म्हणजे नेट रन रेटवर. आपसातल्या सामन्यात मात्र बर्मिंगहॅमला पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. हाच तिढा अमेरिकेतल्या व्यावसायिक ‘अमेरिकन फुटबॉल’ लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या नियमांनी सोडवला असता, तर उपांत्य फेरीत आपल्यासमोर पाकिस्तान उभा राहिला असता. कारण तिथे पहिला प्रश्न असा विचारतात: तुम्ही दोघं एकमेकांशी खेळलात तेव्हा कोण जिंकलं?

आज मी बोलणार आहे ते या प्रश्नाबद्दल आणि त्याच्या मागून येणाऱ्या प्रश्नांबद्दल. बरोबरी सोडवताना कोणता नियम आधी लावायचा आणि कोणता नंतर, यावरून एखादा खेळ कशाला मान देतो ते कळतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी रचना सांगतो. एनएफएलमध्ये 32 संघ. त्यांचे एएफसी आणि एनएफसी असे दोन भाग, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांच्या चार डिव्हिजन. डिव्हिजन जिंकणारे चार आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात, असे सात संघ प्रत्येक कॉन्फरन्समधून प्लेऑफला, म्हणजे बादफेरीला जातात. एका संघाच्या वाट्याला सामने येतात फक्त 17. त्यातले सहा आपल्याच डिव्हिजनमधल्या तिघांशी, दोन-दोनदा. म्हणजे बाकीच्या 31 संघांपैकी जेमतेम 14 संघांची गाठ पडते. सामने थोडे, संघ पुष्कळ आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. अशा ठिकाणी बरोबरी होणारच, आणि ती सोडवणं सोपं नाही.

आता 9 जानेवारी 2022 ची रात्र बघा. साखळीतला अगदी शेवटचा सामना, लास व्हेगस रेडर्स विरुद्ध लॉस एंजेलिस चार्जर्स. दोघांचेही नऊ विजय, सात पराभव. जिंकेल तो प्लेऑफमध्ये. पण त्याच दिवशी जॅक्सनव्हिलने इंडियानापोलिसला अनपेक्षितपणे हरवलं होतं आणि त्यामुळे एक विलक्षण शक्यता उभी राहिली होती. हा सामना बरोबरीत सुटला असता, तर दोघंही आत गेले असते आणि पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर पडले असते. का? कारण मग तिघांचीही नोंद सारखीच झाली असती: नऊ विजय, सात पराभव, एक बरोबरी. आणि त्या हंगामात पिट्सबर्ग या दोघांशीही हरलं होतं. पहिल्याच प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

रेडर्स 29-14 असे पुढे होते. चार्जर्सनी नियमित वेळेच्या अगदी शेवटच्या चेंडूवर टचडाउन केला आणि 29-29 करून सामना ओव्हरटाइममध्ये नेला. तिथेही दोघांनी एकेक फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पार केला, 32-32. घड्याळ संपत आलेलं, चेंडू रेडर्सकडे. नुसतं थांबले असते तरी दोन्ही संघ प्लेऑफला जात होते. 38 सेकंद उरले असताना चार्जर्सनी टाइमआउट घेतला. मग रेडर्स आणखी पुढे सरकले आणि वेळ संपता संपता डॅनियल कार्लसनने 47 यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला. 35-32. चार्जर्स बाहेर, पिट्सबर्ग आत. पिट्सबर्गला तारलं ते नोव्हेंबरात डेट्रॉइटशी 16-16 अशा सुटलेल्या एका सामन्याने. बरोबरीला तिथे अर्धा विजय धरतात. त्या अर्ध्या विजयाने ते नऊ विजयवाल्या इतरांच्या वर राहिले.

पुढच्याच वर्षीची डेट्रॉइट लायन्सची कथा मला याहून जास्त भिडते. सातपैकी सहा सामने हरून त्यांनी सुरुवात केली आणि मग हंगामाचं चित्रच पालटलं. शेवटच्या दिवशी त्यांचा सामना ग्रीन बेशी, रात्री. पण दुपारी सिअ‍ॅटलने ओव्हरटाइममध्ये लॉस एंजेलिस रॅम्सना हरवलं आणि लायन्स मैदानात उतरण्याआधीच बाद झाले. आता ते जिंकले तरी त्यांचे आणि सिअ‍ॅटलचे नऊ-नऊ विजय होणार होते, आणि 2 ऑक्टोबरला सिअ‍ॅटलने त्यांना त्यांच्याच मैदानावर 48-45 असं हरवलेलं होतं. तीन गुणांनी गमावलेला ऑक्टोबरातला सामना जानेवारीत आडवा आला. तरीही लायन्स जीव तोडून खेळले, ग्रीन बेला 20-16 असं हरवलं. ग्रीन बे जिंकलं असतं तर तेच आत जाणार होतं. लायन्सनी त्यांना बाहेर काढलं आणि जागा मिळाली सिअ‍ॅटलला. त्या रात्री लायन्सना स्वतःसाठी मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्या संघापुढे आदराने मान लववतो.

आपसातले सामने वाटून गेले किंवा झालेच नाहीत तर? एकाच डिव्हिजनच्या संघांत मग डिव्हिजनमधली कामगिरी बघतात, नंतर दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, नंतर कॉन्फरन्समधली. 2008 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स तेव्हाच्या 16 पैकी 11 सामने जिंकूनही घरी बसले, ते नियमांच्या याच शिडीवर. त्यांच्याच डिव्हिजनमधल्या मायामीनेही तेवढेच जिंकले होते. मायामीची कॉन्फरन्समधली नोंद 8-4, न्यू इंग्लंडची 7-5. वाइल्ड कार्डच्या जागेसाठी बाल्टिमोरपुढेही ते त्याच आकड्याने मागे पडले. त्याच वर्षी सॅन डिएगो आठ विजयांवर आपली डिव्हिजन जिंकून आत गेलं. न्यू इंग्लंडवर हा अन्याय झाला असं कोणाला वाटेल. मला तो अन्याय वाटत नाही. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता.

एवढ्यानेही भागलं नाही तर येतं विजयांचं वजन. तुम्ही ज्यांना हरवलंत ते संघ एकूण किती जिंकले, हे मोजतात. सप्टेंबरात तुम्ही हरवलेला संघ डिसेंबरात दुसऱ्या कोणाला हरवतो, तेव्हा तुमचा जुना विजय वजनदार होतो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. कोणाला किती गुणांनी हरवलं हे विचारतात ते त्यानंतर, शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर.

ते तिथेच असावं. 1999 च्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी, 2 जानेवारी 2000 रोजी, ग्रीन बे आणि कॅरोलायना यांच्यातली बरोबरी गुणफरकावर सुटण्याची वेळ आली होती. मग दोघंही जिंकलेल्या सामन्यात गुणांचा ढीग रचत राहिले. ग्रीन बेने अ‍ॅरिझोनाला 49-24 हरवलं, कॅरोलायनाने न्यू ऑर्लीन्सला 45-13. आणि त्याच दिवशी डॅलस जिंकल्यामुळे दोघंही बाहेरच राहिले. हरलेल्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत तुडवत राहण्याचं कारण नियमच पुरवत असेल, तर तो नियम वरच्या पायरीवर शोभत नाही. निव्वळ धावगतीबद्दलही माझं मत हेच आहे.

सगळ्यात खालच्या पायरीवर नाणं आहे. प्लेऑफची जागा ठरवायला ते आजवर उडवावं लागलेलं नाही. 2018 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत नववा क्रमांक सॅन फ्रान्सिस्कोचा की ओकलंडचा, एवढ्यापुरतं ते उडालं आणि सॅन फ्रान्सिस्को जिंकलं.

आपल्याकडे गावोगाव कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. त्या भरवणारे कार्यकर्ते या सभेत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बरोबरी झाली तर काय करायचं ते पहिल्या सामन्याच्या आधी लिहून काढा, तो कागद प्रत्येक कप्तानाच्या हातात द्या आणि त्यावर पहिली ओळ आपसातल्या सामन्याची ठेवा.