काळ्या पाण्यापलीकडचे घर



शताब्दी व्याख्यानमालेत ‘महाराष्ट्राबाहेरील मराठी माणूस’ या विषयावर बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. हा विषय निघाला की आपली नजर सवयीने बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर या नावांकडे वळते. या सर्व ठिकाणी मराठी माणूस सत्तेच्या मागोमाग गेला. सत्ता लयाला गेली, तरी वाडे, देवळे आणि ग्रंथसंग्रह मागे उरले. आपले बेळगावकर तर कोठे गेलेच नाहीत. ते होते तेथेच राहिले, १९५६ साली सीमा तेवढी हलली! तेव्हा या परिचित नावांविषयी मी पुन्हा बोलत नाही. ज्यांच्यामागे ना राजा होता, ना वाडा, ना व्यापारी पेढी, अशा थोड्या मराठी कुटुंबांची हकीकत आज आपल्यापुढे मांडणार आहे. ही कुटुंबे ग्रेट निकोबार बेटावर राहावयास गेली.

अंदमान म्हटले की मराठी मनाला एकच गोष्ट आठवते. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये आणले गेले आणि ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने ते बेट आपल्या घराघरांत पोहोचले. परंतु त्यामुळे आपला बेटांचा नकाशा त्या तुरुंगाच्या भिंतीशीच थांबला. आता श्री विजयपुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या पोर्ट ब्लेअरच्याही दक्षिणेला, पाचशेहून अधिक किलोमीटर समुद्र ओलांडला म्हणजे ग्रेट निकोबारचे कॅम्बेल बे हे बंदर येते. वाटेत कार निकोबार, कामोर्टा अशी बेटे घेत जाणाऱ्या जहाजाला दोन-दोन दिवस लागतात. बेटाच्या दक्षिण टोकाला, आजच्या इंदिरा पॉइंटवर, उभे राहिले तर इंडोनेशियाचे सुमात्रा बेट दीडशे किलोमीटरच्या आसपास. चेन्नई मात्र त्याच्या कितीतरी पट दूर!

या बेटांवर वस्ती करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. तरंगमबाडीच्या डॅनिश लोकांनी १७५६ च्या सुमारास ग्रेट निकोबारवरच पहिले ठाणे मांडले. तापाने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा त्यांनी ते उत्तरेकडे हलविले; तेथेही तीच गत झाली. मोरेव्हियन पंथाचे धर्मोपदेशक १७६८ पासून सुमारे वीस वर्षे नानकौरीला चिकाटीने राहिले आणि बहुतेक तेथेच मातीआड झाले. पुढे १८६९ मध्ये इंग्रजांनी बेटे ताब्यात घेतली, कैद्यांची वसाहत थाटली आणि १८८८ मध्ये गुंडाळली. या अपयशाचे श्रेय इतिहासकार हिवतापाला देतात. ते खरेच आहे. पण माझ्या मते आणखीही एक कारण होते. तेथे शिपाई गेले, पाद्री गेले, कैदी गेले. गावासारखे गाव करावयाला संसार मात्र गेले नाहीत. ज्याला परत जावयाचे आहे, तो नारळाचे झाड लावीत नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारने नेमके हेच हेरले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर या मोक्याच्या टोकाला आपली माणसे कायमची असावीत, असे ठरले. १९६९ ते १९८० या काळात माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे ग्रेट निकोबारवर वसविण्यात आली. पंजाबचे शीख सैनिक आरंभी गेले. नंतर महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश येथील. प्रत्येक कुटुंबाला घर, भात आणि बागायत यांसाठी मिळून दहा एकरांहून अधिक जमीन मिळाली. सीमा सडक संघटनेने जंगल तोडून पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे रस्ता काढला आणि त्या रस्त्याच्या कडेने गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर ही गावे उभी राहिली. नावे पाहा! विषुववृत्ताजवळच्या अरण्यात, जिथे पूर्वी कोणी नांगर पाहिला नव्हता, तेथे ही पंजाबी-मराठी वळणाची ‘नगरे’.

सैनिकाला दूरच्या ठाण्याची सवय असते, म्हणून हे काम माजी सैनिकांना सोपे गेले असेल, असे आपल्याला वाटते. मला ते पटत नाही. ठाण्यावरच्या नेमणुकीला मुदत असते, रजा असते, परतीचे वॉरंट असते. वसाहतीला यांतले काही नसते. शिवाय सैनिकाने लडाख पाहिलेले, नेफा पाहिलेला. त्याच्या पत्नीने माहेर आणि सासर एवढी दोनच गावे पाहिलेली. माणदेशासारख्या पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातली बाई जर तेथे गेली असेल, तर जेथे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि हिवाळा असा ऋतूच नाही, तेथे तिने वाळवण कधी घातले असेल? पेरणीचा, सणांचा, लग्नसराईचा सारा मराठी पंचांगाचा क्रम ऋतूंवर टांगलेला असतो. तो खुंटीवरून काढून दुसऱ्याच आभाळाखाली लावणे हे काम तिच्या वाट्याला आले. सरकारी कागदात ‘कुटुंब’ या एका शब्दात ती सामावली गेली. वसाहत टिकली ती मात्र या शब्दामुळे.

शेतीचे म्हणाल, तर भाताला माती बरी होती आणि नारळ-सुपारीला तर उत्तमच. पण या बेटावर लांब शेपटीची माकडे आहेत. ती कोवळे नारळ टोळीने येऊन फस्त करतात. खाडीत मगरी. हिवताप होताच. पिकले तरी विकावे कोठे, हा प्रश्न जहाजाच्या वेळापत्रकाशी बांधलेला. मोठे आजारपण आले की तेच जहाज किंवा हेलिकॉप्टर. बेटावरच्या माणसाचे सारे नशीब शेवटी होडीवर असते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता भाषेविषयी, ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तिचा विचार टाळता येणार नाही. दुसरे एक बेट तुलनेला घेऊ. मॉरिशसला मराठी मजूर गिरमिटावर गेले ते एकोणिसाव्या शतकात, पुष्कळ संख्येने. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, तरी शाळेत मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. संख्याबळ होते, म्हणून देव राहिला आणि काही अंशी अक्षरही राहिले. ग्रेट निकोबारच्या मराठी घरांजवळ ते बळ नव्हते. शेजारी शीख, पलीकडे तेलुगू, त्याच्या पलीकडे तमिळ. बोलण्याची भाषा हिंदी हीच होणार. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू माध्यमांच्या शाळा निघाल्या. मराठीची निघाली नाही. त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. मूठभर मुलांसाठी शाळा कोण काढणार? पण अशा ठिकाणी मातृभाषा आईच्या बोलण्यापुरती उरते, आणि आईनंतर तिचे काय होते ते आपण सीमाभागातले लोक चांगले जाणतो.

एका गोष्टीचा उच्चार केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही जमीन मोकळी होती काय? कागदावर ती सरकारी अरण्य होती. पण किनाऱ्याला निकोबारी लोकांची गावे होती आणि आतल्या जंगलात शोंपेन जमात वावरत होती. २०११ च्या जनगणनेत शोंपेनांची संख्या २२९ भरली. त्यांच्या संरक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे; वसाहतीचा पट्टा त्यातून वगळावा लागला. आपल्या सैनिकांनी जमीन बळकावली नाही, त्यांना ती देण्यात आली, हे खरे. आणि देणाऱ्याने ती दुसऱ्याच्या अंगणातून काढून दिली, हेही तितकेच खरे. सीमेवर राहणाऱ्या, आपल्या गावाचा निर्णय दूर कोठेतरी झालेला पाहिलेल्या माणसाला ही दोन्ही सत्ये एकदम धरता आली पाहिजेत.

२६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेला तो भूकंप या बेटाच्या अगदी उशाशी होता. त्सुनामीने किनाऱ्याची वस्ती धुऊन नेली. रस्ता ठिकठिकाणी तुटला. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे बेटाची जमीनच खचली. इंदिरा पॉइंटचा १९७२ चा दीपस्तंभ चार मीटरांहून अधिक खाली गेला आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र आला. खालच्या अंगाची भातशेते कायमची पाण्यात गेली. पूर येऊन गेला तर गाळ उपसून शेत पुन्हा करता येते. येथे दप्तरी नोंद शाबूत आणि जमीन समुद्राखाली! वाचलेली कुटुंबे कॅम्बेल बेला पत्र्याच्या निवाऱ्यांत आली आणि तेथे त्यांची वर्षे गेली. दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावरचे निकोबारीही तेथेच आणले गेले. आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या, हे त्यांचे मागणे पुरे झालेले नाही.

आणि आता तिसरे वळण. ग्रेट निकोबारवर मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर अरण्य वळते होणार आहे. ज्या गॅलाथिया उपसागराच्या वाळूत चामडी पाठीची प्रचंड कासवे अंडी घालावयास येतात, तेथेच बंदर होणार. त्याच महिन्यात निकोबारींच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती मागे घेतली. विमानतळाची जागा गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूची आहे. म्हणजे माजी सैनिकांच्या जमिनीही संपादनाखाली येतात. १९६९ मध्ये देशासाठी येथे कायमचे राहा, असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्या नातवंडांना देशासाठी आता जमीन सोडा, असे सांगण्यात येत आहे. प्रकल्पाच्या बाजूनेही युक्तिवाद आहेत; मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जलमार्ग त्या बेटाजवळून जातो आणि त्याचे महत्त्व कोणी नाकारू शकत नाही. पण आठ हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटावर लाखांची वस्ती येईल, तेव्हा हिंदीत मिसळून गेलेले ते थोडे मराठी आवाज कोणाच्या कानी पडणार?

मंडळी, आपल्या शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. भोवतालच्या खेड्यांत घरटी एक शिपाई आहे. त्या बेटावर जे प्रौढ वयात गेले, त्यांतले बहुतेक आता हयात नसतील. जे आईच्या कडेवरून गेले, तेही आज पन्नाशी-साठीत आहेत. त्या बायकांनी माहेरी धाडलेली आंतर्देशीय पत्रे बेटावर राहिली नाहीत, राहणे शक्यही नव्हते; ती असली तर इकडेच, कोणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेत असतील. ग्रंथालयाने शताब्दीनिमित्त दुर्मीळ ग्रंथांचे दालन उघडण्याचे योजिले आहे. त्यातले एक कपाट या पत्रांसाठी राखून ठेवावे, आणि सभासदांनी आपापल्या गावी, माजी सैनिकांच्या घरी चौकशी करावी, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. पत्र फाटके असले, मजकूर चार ओळींचा असला, तरी नाकारू नये.