जुन्या मोटारीच्या पाण्यातली हवा



घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी मोटार आपण सर्वांनी पाहिली आहे. आत पाणी खदखदत असते, मंडळी झाडाखाली बसलेली असतात आणि चालक म्हणत असतो, "सकाळीच काठोकाठ पाणी भरलं होतं हो!" तो खोटे बोलत नसतो. पाणी त्याने भरलेले असते, पण आत हवाही कोंडून राहिलेली असते. ही हवा काय करते आणि ती बाहेर कशी काढावी, एवढाच आजचा विषय. मी मेस्त्री नव्हे, मास्तर आहे. तेव्हा आधी कारण सांगतो आणि मग कृती.

अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी त्यांतल्या काही अजून चालत्या आहेत, आणि त्या चालत्या ठेवायच्या तर ही माहिती हवी.

इंजिनात जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा पाणी वाहून नेते. पंप पाण्याला सिलिंडरांभोवती आणि वरच्या हेडमधून फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. साधारण ८० ते ८८ अंश सेल्सिअसला तिच्यातले मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येते.

आता या वाटेत हवा अडकली तर काय होते? लिटरभर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागेल! म्हणजे हेडच्या ज्या कोपऱ्यात हवा बसली, तो कोपरा जवळजवळ कोरडाच तापतो. हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. दुसरे असे की, विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की तो नुसता फिरतो, पाणी उचलत नाही, हे शेतकरी बांधवांना मी सांगायला नको. मोटारीचा पंपही त्याच जातीचा.

तिसरी गोष्ट फसवी आहे. उष्णता दाखवणारा काटा पाण्यात बुडालेल्या एका तुकड्यावर अवलंबून असतो. तो तुकडा हवेत आला की इंजिन भाजत असतानाही काटा खालीच राहू शकतो. काटा एकदम वर, एकदम खाली असा नाचू लागला, किंवा हीटरमधून मधूनच गार वारा येऊ लागला, तर हवेचा संशय घ्यावा.

होज बदलला, थर्मोस्टॅट बदलला किंवा सगळे पाणी काढले की हवा आत येतेच. रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच असेल तर ती बरीचशी आपोआप निघून जाते. पण ज्या गाडीचे नाक बसके, तिथे हीटरचे होज किंवा थर्मोस्टॅटचे घर उंचावर राहते आणि हवा तिथे ठाण मांडते. शेतातल्या पाइपलाइनला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात, तो याच कारणाने.

आता कृती. पहिला नियम असा की इंजिन पूर्ण गार हवे. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोच्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. अशा तापलेल्या गाडीचे झाकण उघडले, की दाब जातो आणि दर लिटर पाण्यामागे सुमारे ५० लिटर वाफ एका क्षणात तयार होते. ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. तेव्हा झाकणाला हात लावण्याची घाई कोणी करू नये, तासभर थांबावे.

गाडी उघड्यावर, चढावर, नाक वर करून उभी करावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्यातली वाटही मोकळी राहते. मग कूलंट सावकाश, बारीक धारेने ओतावे. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा. नसेल तर हीटरचा सर्वांत उंच होज थोडा सैल करावा. आधी बुडबुडे येतील, फुरफुर आवाज होईल. अखंड धार लागली की घट्ट करावे.

नंतर झाकण न लावताच इंजिन सुरू करून संथ चालू द्यावे. तोंड मात्र दूर ठेवावे. वरचा होज हलकेच दाबत राहावे, बुडबुडे निघतील. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडतो, पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज गरम लागतो. हळूहळू भर घालावी. बुडबुडे थांबले की झाकण लावून बाजूची टाकी खुणेपर्यंत भरावी. विजेचा पंखा असेल तर तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून बोटे, पदर, उपरणे जपावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना पातळी पुन्हा पाहावी.

एवढे करूनही बुडबुडे थांबेनात, पाणी रोज कमी होऊ लागले, इंजिन ऑइल दुधाळ दिसू लागले, तर ती बाहेरची हवा नव्हे. फुटलेल्या गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात शिरतो आहे, असे समजावे आणि गाडी मेस्त्रीकडे न्यावी.

एक इशारा अवश्य द्यायचा. पुष्कळशा कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी. सांडलेले कूलंट कुत्रे किंवा गुरे चाटतात आणि दगावतात. ते बादलीत धरावे. गटारात, गोठ्याजवळ ओतू नये.

शिक्षकबंधूंनी हा धडा वर्गात दाखवावा. दोन तांब्यांत पाणी घ्या, एक थोडा उंच ठेवा. पारदर्शक नळी पाण्याने पूर्ण भरून दोघांत सोडा. पाणी वाहू लागेल. आता नळीचा वरचा उंचवटा हवेने भरलेला ठेवून तेच करा. पाणी दोन्ही बाजूंना असूनही वाहणार नाही. मुलांना कारण विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.