दत्तक पालकत्व : दया की हक्काची पूर्वतयारी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गरीब घरच्या मुलीच्या शिक्षणाचा भार सुस्थित माणसाने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. राज्य शासनाने १९८३ साली सावित्रीबाई फुले यांच्या नावाने दत्तक पालक योजना सुरू केली. आज अनेक सेवाभावी संस्था याच धर्तीवर मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा खर्च चालवीत आहेत. समाजवादी कार्यकर्त्याने या उपक्रमांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजचा प्रश्न आहे.

चळवळीत याविषयी दोन टोकाची मते आढळतात. दानधर्म म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूण, तेव्हा त्याच्या वाटेस जाऊ नये, असे एक मत. दुसरे मत असे, की चार मुली शिकल्या तर तेवढे कार्य पुरे झाले. ही दोन्ही मते अपुरी आहेत. नववीतल्या मुलीला समाजव्यवस्था बदलेपर्यंत थांब, असे सांगता येत नाही. तिचे लग्न त्याआधीच ठरते. आणि चार मुली शिकल्याने पाचवीचा प्रश्न सुटत नाही.

मुळात मुलींची बारावीपर्यंतची फी महाराष्ट्रात १९८०च्या दशकातच माफ झाली. मग दत्तक पालकाची गरज का उरावी? याचे उत्तर ऊसतोडणी कामगारांच्या जीवनात स्पष्ट दिसते. मुकादमाकडून उचल घेऊन बीडसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबे पावसाळा संपताच कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा तेथील हिशेब. मागे राहणाऱ्या मुलीला सांभाळणार कोण? लहान असेपर्यंत ती आजीपाशी राहते, किंवा फडावरच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळते. ती मोठी झाली की तिला एकटे ठेवण्याची धास्ती आईबापांना वाटू लागते. मग लवकर लग्न उरकले जाते. नवी जोडी, नवा कोयता आणि नवी उचल! २००६च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीच्या विवाहास मनाई केली खरी. परंतु त्या मुलीला राहण्यास सुरक्षित वसतिगृह आणि जाण्यास शाळा नसेल, तर कायदा एकटा काय करणार? फी माफ करून शाळेचे दार उघडते. दारापर्यंतची वाट मात्र मुलीच्या घरानेच काढायची असते.

दुसरी गोष्ट कायद्याच्या मर्यादेची. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ती अंमलात आणली. देशाला मात्र शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली मिळाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तोही सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीपर्यंतच्या सार्वत्रिक शिक्षणाचे उद्दिष्ट लिहिले. उद्दिष्ट म्हणजे हक्क नव्हे. ज्या वयात मुलगी शाळेतून गळण्याचा धोका सर्वाधिक, नेमक्या त्याच वयात कायदा तिचा हात सोडतो. या पोकळीत आज दाता उभा आहे.

दात्याचा हेतू शुद्ध असला तरी त्याच्या पद्धतीत एक दोष राहतो : तो निवड करतो. गुणपत्रिका पाहून ‘हुशार, होतकरू’ मुलगी निवडली जाते. पाण्याच्या हंड्यापायी जिचा अभ्यास बुडाला ती यादीतून वगळली जाते. एकदा नापास झाली की मदत थांबते. भरीस भर म्हणून व्यासपीठावर उभे करून तिचे छायाचित्र घेतले जाते. ज्या शिक्षणाने मान ताठ व्हावयाची, त्याच्याच पहिल्या पायरीवर मान लववावी लागते.

याहून वेगळी परंपरा महाराष्ट्राजवळ आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार उभा केला. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. तेथे देणारा आणि घेणारा एकाच रयतेतले होते आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला होता. निवडीवाचून मदत कशी करावी याचे उदाहरण बिहारमध्ये सापडते. २००६ साली तेथील शासनाने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आखली. तेथे दात्याची मर्जी सांभाळावी लागली नाही आणि मुलींची माध्यमिक शाळांतील नोंदणी लक्षणीय वाढली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

यास्तव कार्यकर्त्यांनी अशा उपक्रमांत अवश्य भाग घ्यावा, पण काही पथ्ये पाळून. दाता आणि मुलगी यांची जोडी न लावता पैसा सामाईक निधीत जमा व्हावा. त्याचा विनियोग ठरविणाऱ्या समितीत मुलींच्या आया असाव्यात. मदत आठवीपासून बारावीपर्यंत सलग मिळावी. एका नापाशीने ती तुटू नये. सत्कार आणि छायाचित्रे वर्ज्य असावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कामातून गावातील शाळाबाह्य मुलींची यादी तयार व्हावी, ती घेऊन पंचायत समितीवर आणि जिल्हा परिषदेवर जावे, हंगामी वसतिगृहांची आणि बारावीपर्यंतच्या शिक्षणहक्काची मागणी लावून धरावी.

एका मुलीला हात देणे हे माणुसकीचे काम आहे. तो हात द्यावा लागू नये अशी व्यवस्था उभी करणे हे राजकारणाचे काम आहे. समाजवादी कार्यकर्त्याला यांपैकी एकही दुसऱ्याच्या निमित्ताने टाळता येणार नाही.