कामगार मोजताना

आपल्या उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन "इथे कामगार किती?" असे विचारा, उत्तर चटकन मिळेल. "कोण काय काम करतो?" असे विचारले, की मालक मुकादमाकडे पाहतो. हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिले आहे, तो दिवसभर वाळूचे साचे घालत असतो. मग त्याला हेल्पर म्हणायचे की मोल्डर?

प्रश्न किरकोळ नाही. भारत सरकारच्या श्रम ब्यूरोने व्यवसायवार वेतनाची पहिली पाहणी १९५८-५९ साली केली, दुसरी १९६३ ते ६५ या काळात. कामांची नावे सगळीकडे सारखी असावीत म्हणून १९५८ साली व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरणही झाले. पुढे १९६८, २००४ आणि २०१५ साली ते सुधारले गेले.

आता डोकी मोजण्याचे महत्त्व पाहा. समजा, एका कारखान्यात पाच मोल्डर आहेत, रोज आठशे रुपये. आणि पंधरा हेल्पर, रोज पाचशे. दोन दरांची नुसती सरासरी काढली तर येते साडेसहाशे. पण वीस माणसांची एकूण मजुरी साडेअकरा हजार. म्हणजे माणशी खरी सरासरी पावणेसहाशेच. संख्या धरली नाही, तर कागदावर प्रत्येकाला पंचाहत्तर रुपये फुकट वाढवून मिळतात!

आणि नाव चुकले तर? किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्यांनी ठरते. साचे घालणारा माणूस हेल्पर म्हणून नोंदला गेला, की त्याचे कसब हिशेबातून जाते आणि त्याबरोबर पगारातला फरकही. म्हणून पाहणी करणाऱ्याने हजेरीपटावर थांबू नये. भट्टीपाशी जावे, हात काय करतात ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. या पाहण्या प्रामुख्याने नोंदलेल्या कारखान्यांच्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण घरात बसून तिची वेणी विणणारी बाई हजेरीपटावर नाहीच. तिला विचारले तर तीच म्हणते, "मी कुठं काम करते? घरच्यांना हातभार लावते, एवढंच."

तो हातभार ज्या दिवशी काम म्हणून मोजला जाईल, त्या दिवशी त्याचे मोल विचारता येईल. जे मोजलेच नाही, त्याचा दाम कोण देणार?