कचऱ्याची टोपली नसलेले हॉटेल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलण्याआधी आज आम्ही एका आचाऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. सभा कापसाची आणि हे हॉटेलात कुठे शिरले, असे तुम्ही म्हणाल. थोडा दम धरा.

डग्लस मॅकमास्टर हा इंग्लंडचा आचारी. २००९ साली बीबीसीच्या तरुण आचाऱ्यांच्या स्पर्धेत पहिला आला. पुढे ऑस्ट्रेलियात त्याला योस्ट बाकर भेटला. हा माणूस फुलशेती करणाऱ्या घरातला. त्याने विचारले, हॉटेलात कचऱ्याची टोपलीच ठेवली नाही तर? दोघांनी २०१२ मध्ये मेलबर्नला तसे हॉटेल काढून पाहिले. मग मॅकमास्टरने २०१४ साली इंग्लंडात ब्रायटनला आपले स्वतःचे उघडले आणि २०१९ मध्ये ते लंडनला नेले. नाव ठेवले 'सायलो', म्हणजे धान्याची कोठी.

आता टोपली नाही म्हटल्यावर काय होते पाहा. पुडक्यातले पीठ आणले तर पुडके टाकायचे कुठे? म्हणून त्याने अख्खा गहू घेतला आणि हॉटेलातच चक्की बसवली. कोंडा पिठातच राहिला, पावात गेला. लोण्याचा कागद टाकायचा कुठे? म्हणून साय आणून लोणी घरीच घुसळले. शेतकऱ्याने भाजी द्यायची ती क्रेटमधून, आणि रिकामे क्रेट परत न्यायचे. उरलेल्या पावाचे तुकडे आंबवून चवीला वापरले. शेवटी जे उरले त्याचे खत.

यात नवल काय, असे आमच्या आयाबहिणी म्हणतील. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि ज्वारीचा कडबा त्यांना कोणी शिकवावा लागला नाही. आणि खरे सांगायचे तर सायलोचे ताट महाग होते, जेवणारे पैसेवाले होते. त्याचे कौतुक करायला आम्ही उभे नाही.

आम्हाला पटली ती एकच गोष्ट. त्याने माल थेट शेतकऱ्याकडून आणि अख्खा घेतला. दळण्याचे, घुसळण्याचे काम स्वतःच्या छपराखाली आणले. म्हणून कोंडाही त्याचा आणि ताकही त्याचे.

आपण काय करतो? क्विंटलभर कापूस गाडीत भरतो. त्यात रुई साधारण एक तृतीयांश. बाकी जवळपास सगळी सरकी. चर्चा मात्र सगळी रुईच्या धाग्याची. सरकी घाण्यावर जाते, तेल बाजारात जाते, आणि उरलेली ढेप आपणच आपल्या बैलांसाठी दुकानातून रोख मोजून आणतो. आपलीच सरकी! गावात रेचा टाकणे सोपे नाही; भांडवल लागते, वीज लागते, रुईला गिऱ्हाईक लागते. पण हिशेब मांडायला यातले काहीच लागत नाही.

तेव्हा पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. मागल्या हंगामात कापूस किती क्विंटल विकला, काय भावाने विकला, आणि वर्षभरात ढेपेची किती पोती कितीला घेतली. पावत्या असतील तर त्याही आणा.